थांबामामा

मोखाड्याच्या वीज कार्यालयात कनिष्ठ अभियंता म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी माझ्या हाताखालच्या गँगप्रमुखांनी मला ऐकवलेला पहिला शब्द होता, 'थांबा.' मी जीपमधून उतरून रस्त्याकडेच्या डीपीकडे निघाले होते. ते मागून हळूच म्हणाले, "थांबा मॅडम." मी थांबले. त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग वर तारांकडे, मग डीपीच्या मागच्या गवताकडे. कुठे काहीही नव्हतं. "आता चला," म्हणाले. पुढच्या सहा वर्षांत मी हे कितीतरी वेळा पाहिलं. फाटक उघडायच्या आधी, शिडी लावायच्या आधी, नाल्यात पाय घालायच्या आधी हा माणूस थांबायचा आणि दुसऱ्यांनाही थांबवायचा. मस्टरवर त्यांचं नाव वेगळं होतं. गँगमध्ये मात्र ते थांबामामा होते. नवीन आलेल्याला वाटायचं, यांचं घर एसटी थांब्याजवळ असेल.

मी सोलापूरकडची. डोंगर पाहिले ते इथेच. वय सव्वीस, हाताखाली अकरा पुरुष, त्यातले सात वडिलांच्या वयाचे. साहेब कसा असावा याबद्दल माझ्या काही पक्क्या समजुती होत्या. साहेबाचा आवाज मोठा असावा, त्याने विचारल्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं, आणि आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे कधी कोणाला कळू देऊ नये. त्यातून मी बाई, म्हणजे हे सगळं दुप्पट करायला हवं असं मीच ठरवून टाकलं होतं. पहिले सहा महिने मी घसा बसेपर्यंत ओरडत होते.

मामांचा आवाज इतका हळू होता की त्यांचं बोलणं ऐकायला माणसांना जवळ यावं लागे. दर महिन्याला जव्हारला बैठक व्हायची. इतर ठिकाणचे प्रमुख उभे राहून भराभर बोलत, मोबाइलमधले कामाचे फोटो दाखवत. मामा मागच्या भिंतीला टेकून बसत. त्यांची पाळी आली की उभे राहून "होईल साहेब" एवढंच म्हणून पुन्हा बसत. मग साहेब माझ्याकडे बघत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परत येताना मी जीपमध्ये त्यांच्याशी बोलायची नाही. ते खिडकीबाहेर तारा बघत यायचे.

त्यांची दुसरी सवय मला जास्त खटकायची. गँग खांबावर चढली की मामा खाली, जरा लांब, हात मागे बांधून उभे राहायचे. ना दोर ओढायचे, ना सामान द्यायचे. रस्त्याने जाणारे लोक हसायचे, "म्हातारा पगार खातोय फुकटचा." एकदा मी विचारलं, "मामा, प्रमुखाने सगळ्यांच्या पुढे असायला नको का?"

"पंधरा वर्षं सगळ्यांत आधी मीच चढलो, मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या बोलीत 'मला'चं 'माना' व्हायचं. "वर गेलो का माना माझ्या हातातली तार दिसते. खाली उभा राहिलो का सगळी मानसं दिसतात. कोनाचा पट्टा ढिला हाय, कोन आज घरी भांडून आलाय, ते खालूनच कळतं."

मला ते कामचुकारपणाचं गोड कारण वाटलं होतं.

खोडाळ्याकडची लाईन एकदा आठवडाभर रोज दुपारी बंद पडायची. मी नकाशे काढले, दोनदा पूर्ण लाईन चालले, काही सापडेना. गावोगावचे फोन माझ्याच मोबाइलवर. शेवटी मी मामांना गँगसमोर विचारलं, "तुमचा काय अंदाज?" ते सगळ्यांदेखत म्हणाले, "माना काय समजला नाय." मला संताप आला. मग ते काशिनाथकडे वळले. काशिनाथ गँगमधला सगळ्यांत नवा वायरमन, तिशीचा, फारसा न बोलणारा. "तुझं गाव त्या अंगाला हाय. तू सांग." काशिनाथ बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दुपारचा वारा धरनाकडून येतो. तो सुटला का टेकडीमागचा बांबू वाकत असंल. सकाळी तो सरळच दिसतो." आम्ही दुपारी गेलो. बांबू तारेला लागत होता. मी अहवालात लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणीत दोष आढळला.' कोणाच्या डोक्यात तो आधी आला होता, ते लिहिलं नाही.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्या कामात लाईनवर चढायच्या आधी उपकेंद्रातून ती बंद करून घेतात. त्याला परमिट घेणं म्हणतात. काम संपलं की परमिट परत करायचं, मग उपकेंद्रातला ऑपरेटर लाईन चालू करतो. परमिट परत गेलं आणि एखादा माणूस वर राहिला, तर पुढचं सांगायला नको. मामा परमिट परत करायच्या आधी जीपमधला पाण्याचा कॅन काढून बसायचे. प्रत्येकाने त्यांच्यासमोर यायचं, पेला घ्यायचा, पाणी प्यायचं. तहान नसली तरी एक घोट. कोणी लांबूनच "झालं मामा" म्हणून ओरडलं तर मामा पेला भरून धरायचे आणि तो येईपर्यंत तसेच बसायचे. माझ्या हिशेबाने यात रोज अर्धा तास जायचा. मी एकदा तसं बोललेही. "माझ्यासमोर पानी पितो तो मानूस खांबावर नाय," ते म्हणाले, "एवढा तरी नक्की होतो."

मामांचं थांबणं दर वेळी बरोबर ठरायचं, असं मात्र नाही. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये वावर गावाच्या बाजूची लाईन पडली. मधला नाला भरून वाहत होता. मामांनी गँगला ओलांडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गुडघ्याइतकं उतरलं तरी नाही. गावातले लोक स्वतः ये-जा करू लागले होते, काशिनाथ आणि गँगमधला सुनील जायला तयार होते, तरी मामा "आजचा दिवस थांबा" म्हणाले. त्या दिवसापायी आरोग्य उपकेंद्राच्या फ्रिजमधल्या लसी खराब झाल्या. दूरच्या पाड्यांवरून मुलांना पाठीवर घेऊन आलेल्या आयांना नर्सने परत पाठवलं. डॉक्टरांची लेखी तक्रार आली आणि मी मामांना मेमो दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. खुलाशाच्या जागी त्यांनी एकच वाक्य लिहिलं, 'नाला उतरला होता, मी उगाच घाबरलो, माझी चूक आहे.' कोणी असा खुलासा लिहितं का? मी त्यांना तो बदलायला सांगितला. ते म्हणाले, "खरा तोच हाय."

त्या मेमोचा मी पुढे उपयोग केला. मामांच्या नोकरीची साडेतीन वर्षं उरली होती. गँग सुनीलकडे द्यावी आणि मामांना सामानाच्या गोदामात बसवावं, अशी शिफारस मी वर पाठवली. सुनील चाळिशीचा, वसई-भिवंडीकडे ठेकेदाराकडे कामं करून आलेला. आवाज खणखणीत, बोलण्यात हिंदीची फोडणी. "मॅडम, टेन्शन नहीं लेने का, फटाफट करून टाकू." खांबावर पहिला पाय त्याचा. ग्रुपवर फोटो टाकणारा पहिला तोच. माझ्या डोक्यातला साहेब होता तसाच्या तसा. तो वाईट माणूस नव्हता, हे मला आधीच सांगून ठेवायचंय.

शिफारस मंजूर झाली. गँगच्या सामानाच्या किल्ल्या देताना मामा मला म्हणाले, "सुनील चांगला मानूस हाय. आवाज हाय, हिंमत हाय. फकस्त त्याला थांबवनार कोन, तेवढा ठरवा मॅडम." मी हो म्हणाले आणि काहीही ठरवलं नाही.

पुढचं वर्ष माझं फार चांगलं गेलं. तक्रारी कमी झाल्या, दुरुस्तीचा वेळ निम्म्यावर आला. जव्हारच्या बैठकीत सुनील बोलायचा आणि साहेब मान डोलवायचे. सुनीलने गँगचे दोन भाग केले होते. एकाच परमिटवर दोन ठिकाणी कामं उरकायची, फोनवर विचारायचं, परमिट परत. पाण्याचा कॅन जीपमध्ये असायचा, ज्याला तहान लागेल तो पिऊन घ्यायचा. मी मनाशी म्हणायची, हे आपण आधीच करायला हवं होतं.

मग तो डिसेंबरचा दिवस. जव्हारला दुसऱ्या दिवशी एक मोठा सरकारी कार्यक्रम होता. पाहुणे आधीच येऊन शिरपामाळची ऐतिहासिक जागा बघायला गेले होते. नेमकी त्या बाजूला जाणारी लाईन सकाळी बंद पडली. गँग दोन ठिकाणी विभागलेली, मध्ये टेकडी. मला वरून दर दहा मिनिटांनी फोन येत होता, आणि तो ठेवला की मी सुनीलला लावत होते. पाचव्या फोनला मी म्हणाले, "सुनील, करा ना आता, किती वेळ?" त्याने टेकडीपलीकडे फोन केला. "झालं ना?" तिकडच्याने सांगितलं, "झालं." आणि त्या क्षणी ते खरंही होतं. सगळे खाली उतरले होते. फोन ठेवल्यावर तिकडेच असलेल्या काशिनाथला वरची तारेची एक बांधणी ढिली दिसली. बाकीचे दोघे दोर गुंडाळून जीपमध्ये टाकत होते. तो कोणाला न सांगता पुन्हा चढला. दोन मिनिटांचं तर काम.

परमिट परत गेलं.

काशिनाथ वाचला. उजवा हात कोपराखाली गेला. त्याला नाशिकला नेलं, आम्ही सगळे मागोमाग गेलो. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात एका टोकाला काशिनाथची बायको आणि भाऊ, त्यांच्याभोवती गँग. दुसऱ्या टोकाला, जिन्याखाली, सुनील एकटा. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. मी मध्येच कुठेतरी उभी होते. कोणत्या बाजूला जावं ते मला कळत नव्हतं.

दुपारी मामा एसटीने आले. आधी काशिनाथच्या बायकोजवळ जाऊन बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग उठले आणि अख्खा व्हरांडा ओलांडून सुनीलजवळ गेले. त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले. गँगमधल्या कोणाला ते आवडलं नाही. थोड्या वेळाने मी तिकडे गेले. मला वाटलं, आता मामा मला बोलतील. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"बाय, जेवलीस का?" त्यांनी विचारलं. तोपर्यंत मी कायम मॅडम होते.

मी म्हणाले, "मामा, पाच वेळा फोन केला मी त्याला."

"फोन सगळेच करतात. माना पन यायचे." ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "चुकला माझा. मी एवढी वर्षं थांबलो, ते सगळे माझ्यामुळं थांबले. मी गेलो का थांबनारा गेला. यांना मी कोनाला 'नाय' बोलायला शिकवलाच नाय. तुला 'नाय', सुनीलला 'नाय', माना पन 'नाय'."

मी या माणसाला बाजूला सारलं होतं, आणि तो बसून स्वतःची चूक शोधत होता.

चौकशी लागली. माझ्या जबाबात पाच फोनांचा उल्लेख करायची गरज नव्हती. कोणी विचारलं नव्हतं, आणि सुनीलने माझं नाव घेतलं नव्हतं. वरच्या एका साहेबांनी मला समजावलं, "कशाला ओढवून घेता? प्रमुख तो होता." दोन दिवस मी तो कागद तसाच ठेवला. मामांना विचारावंसं वाटलं, पण ते काय म्हणतील ते मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. शेवटी फोन लिहिले, वेळांसकट. मला ठपका मिळाला, बढती मागे पडली. सुनील चार महिने निलंबित होऊन परत आला. मला त्यातून मोकळं वाटलं का, असं लोक विचारतात. नाही वाटलं. काशिनाथ डाव्या हाताने सही करायला शिकत होता.

सुनील परत आला तो आधी साखरशेतला मामांच्या घरी गेला आणि त्यांना गँगमध्ये परत यायची विनवणी केली. मामा म्हणाले, "येतो. पन प्रमुख तूच. मी तुझ्या हाताखाली." निवृत्तीला दोन वर्षंही न उरलेला माणूस आपल्या जुन्या गँगमध्ये साधा लाईनमन होऊन आला. पाण्याचा कॅन सुनीलने स्वतः भरून जीपमध्ये ठेवला.

त्या काळात मामांनी एक विचित्र उद्योग चालवला. सकाळी कामाला निघायच्या आधी ते कोणातरी एकाला म्हणायचे, "आज 'नाय' बोलायचा काम तुझा." मग दिवसभरात ते मुद्दाम चुकीचं काहीतरी सांगायचे. एकदा त्यांनी एका जुन्या लाईनमनला पट्टा न बांधता चढायला सांगितलं. तो निमूट चढू लागला. चार फूट गेल्यावर मामांनी त्याला खाली बोलावलं. "मी सांगितला म्हनून चढलास?" तो ओशाळून हसला. "तुम्ही काय चुकीचा सांगनार, मामा?" मामा हसले नाहीत. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी त्या दवाखान्यातही पाहिला नव्हता. वर्षभर हे चाललं. लोकांना ते म्हातारपणाचं वेड वाटायचं. सुनील मात्र दर वेळी जवळ येऊन उभा राहायचा आणि ऐकायचा.

काशिनाथला बरा झाल्यावर उपकेंद्रात ऑपरेटरच्या मदतीला बसवलं होतं. फोन आणि रजिस्टर त्याच्याकडे. मामांच्या निवृत्तीच्या साधारण महिनाभर आधी सुनील तापाने आजारी होता, म्हणून गँग मामांनी नेली. मीही बरोबर होते. काम झालं, सगळ्यांचं पाणी पिऊन झालं, आणि मामांनी उपकेंद्राला फोन लावून माणसांची नावं सांगितली. पलीकडून काशिनाथचा आवाज मलाही ऐकू आला.

"नाय मामा."

"काय नाय?"

"तुम्ही पाच नावं घेतली. सकाळी रजिस्टरात सहा हायेत. सहावा माझ्याशी बोलंल, तवा चालू करू."

सहावा माणूस शिडी पोचवायला जवळच्या पाड्यावर गेला होता. मामांनीच त्याला पाठवलं होतं, आणि विसरले होते. वीस मिनिटांनी तो चालत आला, फोनवर काशिनाथशी बोलला, लाईन चालू झाली. तो खांबाजवळही नव्हता, त्यामुळे लाईन आधी चालू केली असती तरी काही घडलं नसतं. पण मामा रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसले.

"चुकलो असतो मी," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "त्याने माना 'नाय' सांगितला. ऐकलास ना तू?"

"ऐकलं मामा."

"आता जायला हरकत नाय."

निरोपाच्या समारंभाला जव्हारहून साहेब आले होते. त्यांनी भाषणात मामांना निर्भय, कणखर नेतृत्व वगैरे म्हटलं. शाल, नारळ झालं. मामांना चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ते उभे राहिले, हात जोडले आणि बसले. पुढे वर्षभरातच माझी बदली झाली, उशिरा का होईना बढती मिळाली. आता मी दुसऱ्या जिल्ह्यात आहे. अधूनमधून आम्हाला नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवतात. थंड हॉलमध्ये पडद्यावर बाण आणि चौकोन असतात, बोलणारा खणखणीत बोलतो. मी मागच्या भिंतीजवळची खुर्ची धरते. वाद घालायची ताकद आता राहिलेली नाही.

मागच्या वर्षी कामानिमित्त जव्हारला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून साखरशेतला गेले. नाचणी कापून झाली होती. मामा अंगणात बाजेवर बसले होते, पार वाळलेले. कान गेले होते, मला मोठ्याने बोलावं लागत होतं. सुनेने चहा दिला. मी त्यांना समारंभातल्या त्या भाषणाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "माझ्याइतका भित्रा मानूस साऱ्या तालुक्यात नव्हता."

"रोज भीती वाटायची," ते म्हणाले. "सकाळी घरून निघायच्या आधीच मनात यायचा. आज कोन नाय परत आला तर? तुम्हाला वाटायचा, मामा किती शांत. मी घाबरलेला असायचो. आता नाय वाटत भीती, तर अंगातला सगळा जोरच गेला बघ."

त्यांनी माझ्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिलं.

"तुझ्या हाताखाली आता किती मानसं?"

"साठ," मी मोठ्याने सांगितलं.

"मग झोप लागत नसंल."

मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही. "नाही लागत, मामा."

"बरा हाय," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला रिकामा कप घेऊन खाली ठेवला. ती आमची शेवटची भेट.